वाढ न झालेल्या जिवाणूचा शोध : तुळजापूर परिसराच्या संदर्भात

रक्ताचे कल्चर पाच दिवसांनी ‘वाढ नाही’ असा शेरा घेऊन परत येते, तेव्हा त्या दोन शब्दांत किमान चार वेगळ्या शक्यता एकत्र बांधलेल्या असतात. पहिली, जिवाणू रक्तात होता, पण नमुना घेण्याआधीच दिलेल्या अँटिबायोटिकने त्याला वाढू दिले नाही. दुसरी, जिवाणू जिवंत होता, पण बाटलीतले अन्न त्याला मानवले नाही किंवा पाच दिवस त्याला पुरले नाहीत. तिसरी, तो शरीरात होता, पण जिथून नमुना घेतला तिथे नव्हता, किंवा नमुना फार थोडा होता. चौथी, आजार जिवाणूचा नव्हताच. जनुकक्रम वाचून निदान करण्याची पद्धत पहिल्या दोन शक्यतांत मोलाची ठरते, तिसरीत बहुधा हात टेकते आणि चौथीत दिशाभूल करू शकते. म्हणून ‘कल्चर निगेटिव्ह आहे, आता सिक्वेन्सिंग करा’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. यांतली कोणती शक्यता समोर आहे हे ठरवल्याशिवाय नमुना पाठवू नये, हे या लेखाचे प्रतिपादन आहे. ते तुळजापूरच्या परिसराला लावून पाहायचे आहे, कारण इथे पहिल्या दोन्ही शक्यता रोजच्या आहेत.

तुळजापूर बालाघाटच्या डोंगररांगेत वसले आहे. सोलापूर इथून सुमारे ४५ किलोमीटर, धाराशिव त्याहून जवळ. गावात उपजिल्हा रुग्णालय आहे, धाराशिवला २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे; तरी अवघड रुग्ण न्यायचा तो सोलापूरच्या सिव्हिलला, ही वाट जुनी आहे. या वाटेवर ताप आलेल्या माणसाच्या रक्ताचे कल्चर नेमके केव्हा होते, याला निदानात फार महत्त्व आहे. ताप आला की आधी गावातल्या दवाखान्यात इंजेक्शन, मग गोळ्यांचा कोर्स, मग तालुक्याला सलाईन, आणि उतार पडला नाही की सोलापूर. कल्चरची बाटली रक्ताने भरते ती या साखळीच्या शेवटी. तोवर दोन-तीन अँटिबायोटिके शरीरात फिरून आलेली असतात. यात कुणा एका डॉक्टरचा दोष शोधण्यात अर्थ नाही. तापाने फणफणलेल्या माणसाला रिपोर्टची वाट पाहत पाच दिवस तसेच ठेवता येत नाही. पण पहिल्या इंजेक्शनआधी दोन बाटल्या रक्त काढून ठेवणे शक्य असते, आणि ते झाले तर पुढचे पुष्कळ प्रश्न पडतच नाहीत.

दुसरी शक्यता इथल्या जनावरांशी बांधलेली आहे. धाराशिव जिल्ह्याच्या जुन्या नावाने ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी, बहुतांशी काळी, जुळी करडे देणारी, दुष्काळातही तग धरणारी, ही कोरडवाहू शेतकऱ्याची आणि भूमिहीनाची खरी पुंजी. आई भवानीच्या नवसाला बोकड, घरात दुधाला शेळी, अडीअडचणीला विकायला करडू. माणूस शेळीच्या इतका जवळ राहतो, तिथे शेळीकडून माणसाकडे येणारे जिवाणूही विचारात घ्यावे लागतात. त्यांत पहिला ब्रुसेला. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये माल्टा बेटावर तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून तो वेगळा केला. थेमिस्टोक्लिस झामिट यांनी १९०५ मध्ये त्याच बेटावरच्या निरोगी दिसणाऱ्या शेळ्यांत त्याचा माग काढला. दूध न उकळता पिणे, गाभडलेल्या शेळीचा गर्भ आणि वार उघड्या हातांनी उचलणे, अडलेली शेळी सोडवणे, ही त्याची माणसात येण्याची दारे. दुसरा कॉक्सिएला बर्नेटी, म्हणजे क्यू तापाचा जिवाणू. तो साध्या कल्चर माध्यमावर वाढतच नाही.

ब्रुसेलाचा ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. घाम फुटतो, कंबर आणि सांधे धरतात, वजन घटते. महिनोन्‌महिने असे चालले की संशय क्षयाकडे जातो, आणि मणक्यात बिघाड दिसला की ‘मणक्याचा टीबी’ हे निदान जवळजवळ आपोआप होते. इथे एक वैद्यकीय सापळा आहे. क्षयाच्या औषधांतले रिफॅम्पिसिन, आणि जुन्या पद्धतीत स्ट्रेप्टोमायसिन, ही दोन्ही ब्रुसेलावरही चालतात. ब्रुसेलाच्या रुग्णाला क्षयाची औषधे सुरू केली तर त्याला काही काळ बरे वाटू शकते, आणि चुकीच्या निदानावर त्या सुधारणेचा शिक्का बसतो. खरा उपचार म्हणजे डॉक्सिसायक्लिन सहा आठवडे, सोबत रिफॅम्पिसिन किंवा काही आठवडे स्ट्रेप्टोमायसिनसारखे इंजेक्शन. नाव बरोबर कळण्याला किती किंमत आहे ते हृदयाच्या झडपेवरच्या क्यू तापात आणखी स्पष्ट दिसते. तिथे डॉक्सिसायक्लिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन किमान अठरा महिने द्यावी लागतात. नेहमीच्या झडपेच्या संसर्गाला दिली जाणारी चार-सहा आठवड्यांची इंजेक्शने इथे निरुपयोगी ठरतात. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने लहानपणीच झडपा खराब झालेले रुग्ण अजून पुष्कळ आहेत. जिवाणू घर करतो तो अशाच झडपांवर.

एका जनुकाची ओळख

जिवाणू वाढवून ओळखण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रॉबर्ट कॉख यांनी पक्की केली. न वाढवता ओळखण्याची रीत निघाली ती वेगळ्याच कुतूहलातून. अमेरिकेतील कार्ल वोज सजीवांची वंशावळ मांडू पाहत होते. प्रत्येक जिवाणूत प्रथिने तयार करणारे रायबोसोम असते, आणि त्याच्या लहान भागात १६एस नावाचा आरएनए असतो. त्याचे जनुक सुमारे १५०० अक्षरांचे. त्याचे काही भाग सगळ्या जिवाणूंत जवळजवळ सारखे, तर मधले नऊ भाग प्रत्येक गटात बदलणारे. १९७७ मध्ये वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी याच रेणूच्या आधारे आर्किया हा सजीवांचा स्वतंत्र गट दाखवून दिला. त्याच वर्षी फ्रेडरिक सँगर यांची डीएनए वाचण्याची पद्धत आली, आणि १९८३ मध्ये कॅरी म्युलिस यांना डीएनएच्या प्रती वाढवण्याची, म्हणजे पीसीआरची युक्ती सुचली. तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर निदानाची वाट उघडली. सारख्या भागांना चिकटणारे प्रायमर वापरून कोणत्याही जिवाणूचे हे जनुक वाढवायचे, बदलणारे भाग वाचायचे आणि ज्ञात क्रमांशी ताडून पाहायचे.

त्याचा सर्वांत बोलका पुरावा व्हिपल आजाराचा. जॉर्ज व्हिपल यांनी १९०७ मध्ये हा आतड्यांचा आणि सांध्यांचा आजार वर्णन केला. सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू दिसत होते, पण वाढत नव्हते. १९९२ मध्ये डेव्हिड रेलमन आणि सहकाऱ्यांनी रुग्णाच्या ऊतीतून १६एस जनुक वाचून तो कोणत्या घराण्यातला आहे ते सांगितले. प्रयोगशाळेत तो स्थिरपणे वाढवता आला तो २००० साली. ओळख आधी आणि कल्चर नंतर, असा उलटा क्रम इथे घडला.

मात्र १६एसची मर्यादाही इथेच सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या परिसराला नेमकी लागू होते. हे जनुक जिवाणूचे आडनाव सांगते. पुष्कळदा नाव सांगत नाही. ब्रुसेलाच्या प्रजातींत हे जनुक जवळजवळ एकसारखे असते, आणि मातीत-पाण्यात सापडणाऱ्या ऑक्रोबॅक्ट्रमशी त्याचे इतके साम्य की काही वर्गीकरणशास्त्रज्ञांनी दोन्ही एकाच वंशात घातले. क्षयाचा जिवाणू माणसातला की गुरांतला, हेही १६एस सांगू शकत नाही. प्रयोगशाळेकडून ‘ऑक्रोबॅक्ट्रम’ असे उत्तर आले आणि रुग्ण शेळ्या राखणारा असेल, तर ते उत्तर दूषित नमुन्याचे म्हणून टाकून देण्याआधी ब्रुसेलाचा विचार झाला पाहिजे. हे यंत्राला कळणार नाही. नमुन्यासोबतच्या कागदावर ‘शेळीपालन’ हा एक शब्द लिहिलेला असेल तरच तपासणाऱ्याला ते सुचेल.

शेजारच्या बीडचा दाखला

या मर्यादेचा आपल्या अगदी जवळचा इतिहास १९९४ चा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि धाराशिव जिल्हे उद्ध्वस्त केले. त्यानंतर वर्ष पुरे होण्याआधी, १९९४ च्या ऑगस्टमध्ये, शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडू लागले, पिसवा वाढल्या आणि माणसांच्या जांघेत, काखेत गाठी येऊ लागल्या. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची भीती पसरली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून संपल्या. ज्यांना आजार होता त्यांनी घेतल्या आणि नव्हता त्यांनीही. नमुने उशिरा आणि अपुरे मिळाले. हा प्लेगच का, असा वाद देशात आणि देशाबाहेर सुरू झाला. काहींनी मेलिऑइडोसिसचे नाव घेतले, काहींनी विषाणूचे. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तो प्लेग असल्याचा निर्वाळा दिला, तरी शंका विरल्या नाहीत.

पुढे दिल्लीच्या एम्समध्ये सुरत आणि बीडच्या जिवाणूंचा रेणुस्तरावर अभ्यास झाला. हैदराबादच्या सीसीएमबीमध्ये एस. शिवाजी आणि सहकाऱ्यांनी त्या साथीतल्या जिवाणूंचे १६एस जनुक वाचून, शिवाय संपूर्ण जनुकसंचाचे ठसे जुळवून, तो येर्सिनिया पेस्टिस असल्याचे २००० मध्ये प्रसिद्ध केले. दुसऱ्या पद्धतीची जोड का लागते, हे इथे ध्यानात घ्यावे. प्लेगचा जिवाणू हा येर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस या पोटाच्या आजाराच्या जिवाणूपासून उत्क्रांतीच्या हिशेबाने अगदी अलीकडे वेगळा झाला. दोघांचे १६एस इतके सारखे की त्यावरून प्लेगवर निर्विवाद बोट ठेवता येत नाही.

बीडचा हा दाखला कल्चर निगेटिव्ह आजाराचा शुद्ध नमुना म्हणता येणार नाही, कारण इथे जिवाणू वाढवलेले होते. वाद त्यांच्या ओळखीचा होता. पण मला तो म्हणूनच मोलाचा वाटतो. जिवाणू आहे की नाही हे शोधणे आणि सापडलेल्याचे नाव ठरवणे ही दोन कामे आहेत. सिक्वेन्सिंगच्या कौतुकात ती सर्रास एक समजली जातात. शिवाय आजार १९९४ चा आणि हा निष्कर्ष २००० चा. इतक्या उशिरा आलेले उत्तर विज्ञानाला उपयोगी पडते. मामल्यातल्या रुग्णाला त्याचा काहीच उपयोग नव्हता.

सगळेच वाचणे

दुसरी पद्धत अधिक धाडसी आहे. एक जनुक न निवडता नमुन्यातला सगळाच डीएनए वाचायचा आणि संगणकाने त्यातले माणसाचे तुकडे बाजूला काढायचे. याला मेटाजिनोमिक सिक्वेन्सिंग म्हणतात. २०१४ मध्ये अमेरिकेतील १४ वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध झाली. जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेला हा मुलगा मेंदूज्वराने अत्यवस्थ होता आणि नेहमीच्या तपासण्या काहीच सांगत नव्हत्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रयोगशाळेत मेंदूतील पाण्याचे सिक्वेन्सिंग झाले. तीस लाखांहून अधिक तुकड्यांत ४७५ तुकडे लेप्टोस्पायराचे निघाले. पेनिसिलिन दिले आणि मुलगा वाचला. हाच लेप्टोस्पायरा कोकणातल्या भातखाचरांत आणि २००५ च्या महापुरानंतरच्या मुंबईत आपण पाहिला आहे. ०.०१६ टक्के तुकड्यांवर एक आयुष्य तोलले गेले, हे वाचून या पद्धतीबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

पण एका रुग्णाची यशोगाथा ही पद्धतीची कसोटी नव्हे. कसोटी २०१९ मध्ये झाली. त्याच संशोधकांच्या पुढाकाराने अमेरिकेतील अनेक रुग्णालयांतल्या २०४ रुग्णांची मेंदूज्वरासाठी अशी तपासणी झाली. ५७ रुग्णांत मिळून ५८ संसर्ग निश्चित झाले. त्यांतले १३ फक्त सिक्वेन्सिंगने सापडले. १९ दोन्ही मार्गांनी सापडले. आणि २६ सिक्वेन्सिंगच्या हातून निसटले. निसटलेल्यांत ११ फक्त रक्तातल्या प्रतिपिंडांच्या तपासणीने कळले, ७ शरीराच्या दुसऱ्या भागातल्या नमुन्याने, आणि ८ मध्ये जंतूंची संख्याच फार कमी होती. ज्यांना वाटते की सगळे वाचले की सगळे कळते, त्यांनी हे आकडे सावकाश पाहावेत. प्रतिपिंडांची साधी तपासणी जिथे उत्तर देते तिथे ही महागडी तपासणी गप्प राहिली, आणि नमुन्याची जागा चुकली तिथेही.

संख्येचा मुद्दा रक्ताच्या बाबतीत अधिकच बोचरा आहे. मोठ्या माणसाच्या रक्तसंसर्गात दर मिलिलिटरला पुष्कळदा एकही जिवाणू नसतो. कल्चरच्या बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त घालतात, बाटल्या दोन-चार भरतात, आणि त्यातला एकुलता एक जिवाणूसुद्धा वाढून कोट्यवधी होतो. डीएनए काढायला मात्र बहुधा मिलिलिटरभर किंवा त्याहूनही कमी रक्त घेतले जाते. म्हणजे औषध न घेतलेल्या रुग्णात नीट भरलेली कल्चर बाटली सिक्वेन्सिंगपेक्षा सरस ठरू शकते. उलट शस्त्रक्रियेत काढलेली झडप, मणक्यातून सुईने घेतलेला तुकडा, सांध्यातला किंवा गळवातला पू, इथे जिवाणू दाटीने असतात, आणि अँटिबायोटिकने मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही शिल्लक असतो. सिक्वेन्सिंगचे खरे क्षेत्र हे आहे. सोलापुरात झडप बदलण्याची किंवा मणक्याची शस्त्रक्रिया झाली आणि काढलेला सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवून बायोप्सीला धाडला, तर ही संधी जवळजवळ गेलीच. फॉर्मॅलिन डीएनएचे तुकडे पाडते आणि कल्चर तर अशक्य करते. त्यातला एक भाग निर्जंतुक डबीत, फॉर्मॅलिनविना ठेवावा.

मेलेल्याचा डीएनए टिकतो, ही गोष्ट दुधारी आहे. बऱ्या झालेल्या रुग्णाच्या झडपेतही तो महिनोन्‌महिने सापडतो. म्हणून पॉझिटिव्ह उत्तराचा अर्थ ‘संसर्ग अजून चालू आहे’ असा परस्पर लावता येत नाही, आणि औषध केव्हा थांबवायचे हे या तपासणीवर ठरवू नये.

चौथ्या शक्यतेचा धोका इथून सुरू होतो. डीएनए काढण्याच्या रसायनांतच जिवाणूंचा अंश असतो. २०१४ मध्ये ब्रिटनमधील सुझाना सॉल्टर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की नमुना जितका जंतुविरळ, तितका अहवालात या रसायनांतल्या पाहुण्यांचा वाटा मोठा. त्वचेवरचे जिवाणू सुईबरोबर येतात ते वेगळेच. ज्याला संधिवाताचा किंवा रक्ताच्या कर्करोगाचा ताप आहे, त्याच्या रक्तातही यंत्र दहा-वीस नावे काढून देईल. ती छापील यादी पाहून एखाद्या नावावर महागडी औषधे सुरू होतील, आणि मूळ आजार मागे राहील. प्रत्येक तपासणीसोबत कोरा नमुना चालवला होता का, आणि त्यात काय निघाले, हे विचारण्याचा हक्क डॉक्टरला आहे, रुग्णालाही आहे.

तुळजापूरसाठी क्रम

जनुके पाहून आजार ओळखणे तुळजापूरला नवे नाही. क्षयासाठी सीबीनॅट आणि गोव्यात बनणारे ट्रूनॅट या यंत्रांची नावे आता खेड्यातल्या आशाताईंनाही ठाऊक आहेत. सीबीनॅट क्षयाच्या जिवाणूच्या आरपीओबी जनुकातला ८१ अक्षरांचा भाग तपासून रिफॅम्पिसिन चालेल का, हे सुमारे दोन तासांत सांगते. पण ती यंत्रे ठरलेला प्रश्न विचारतात : हा क्षयाचा जिवाणू आहे का? सिक्वेन्सिंगचा प्रश्न खुला असतो : हा कोण आहे? ठरलेला प्रश्न विचारता येत असेल तर तोच आधी विचारावा, कारण तो स्वस्त, जलद आणि अधिक नेमका असतो.

म्हणून लांबलेल्या तापाचा, शेळ्या असलेल्या घरातला रुग्ण आला तर पहिली तपासणी रोझ बेंगॉलची. रक्तातला पातळ भाग आणि एक थेंब रंगीत द्रव मिसळून काही मिनिटांत पाहायची. ती पॉझिटिव्ह आली की प्रतिपिंडांचे प्रमाण मोजायचे. क्यू तापासाठीही आधी प्रतिपिंडेच. हृदयाच्या झडपेच्या संसर्गाचे २०२३ चे सुधारित ड्यूक निकष कॉक्सिएला, बार्टोनेला आणि ट्रोफेरिमा व्हिपली (व्हिपल आजाराचा जिवाणू) यांच्यासाठी रक्तातला जनुकीय पुरावा हा मोठा निकष मानतात. पण त्यासाठी या जिवाणूंची नावे डॉक्टरच्या मनात यावी लागतात. ती मनात येण्यासाठी विचारावे लागते : घरात शेळ्या आहेत का, दूध उकळून पिता का, गेल्या काही महिन्यांत कोणती शेळी गाभडली का, ती कोणी सोडवली? अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने याच तालुक्यात गावातल्या स्त्रियांना भारतवैद्य म्हणून तयार केले. असे प्रश्न विचारायला त्यांच्याइतके योग्य कोणी नाही. गोठ्यातली खबर त्यांना डॉक्टरच्या आधी लागते.

हे सगळे झाल्यावर, उत्तर न मिळाल्यास, आणि संसर्गाच्या जागेवरून नमुना मिळत असल्यास, १६एस. तेही हुकले आणि रुग्ण अत्यवस्थ असेल तर मेटाजिनोमिक. करोनाच्या काळात पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात आणि मुंबईच्या कस्तुरबा रुग्णालयात विषाणूंच्या सिक्वेन्सिंगची व्यवस्था उभी राहिली. पुण्याच्याच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात १६एसवरून जिवाणू ओळखण्याचा अनुभव त्याहून जुना आहे. विषाणूच्या कामातली यंत्रे आणि माणसे जिवाणूंच्या निदानाकडे वळवणे शक्य आहे, पण ते बटण दाबण्याइतके सोपे नाही. करोनात एक ओळखीचा विषाणू वाचायचा होता; इथे माणसाच्या डीएनएच्या ढिगात अनोळखी जिवाणू शोधायचा आहे, आणि अहवाल वाचणाऱ्याला रुग्णाची हकीकत माहीत असावी लागते. सोलापूर आणि धाराशिवच्या महाविद्यालयांचे सूक्ष्मजीवशास्त्र विभाग पुण्याशी जोडून, ऊतींच्या नमुन्यांसाठी अशी सरकारी सोय सुरू करणे मला योग्य आणि तातडीचे वाटते. आज ही तपासणी परवडणाऱ्याला खासगी प्रयोगशाळेतून मिळते, आणि ब्रुसेला होतो तो शेळीवर पोट असलेल्याला.

कल्चर मात्र टाकून देता येणार नाही. १६एसवरून कोणते औषध लागू पडेल हे कळत नाही. प्रतिकाराची काही जनुके वाचता येतात, पण सगळ्या औषधांचे उत्तर त्यांतून मिळत नाही. ते वाढलेल्या जिवाणूवर औषध घालून पाहिल्यावरच मिळते. ब्रुसेलाचा संशय असेल तर बाटलीवर तसे ठळक लिहावे, म्हणजे प्रयोगशाळा ती अधिक दिवस राखेल आणि सुरक्षित कक्षातच उघडेल. उघड्या टेबलावर त्याची वसाहत हाताळताना प्रयोगशाळेतल्या कर्मचाऱ्यांना संसर्ग झाल्याची उदाहरणे जगभर आहेत.

आणि एक काम रुग्णालयाच्या बाहेरचे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ब्रुसेलाची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि म्हशीच्या पारड्यांना दिली जाते. शेळ्या त्या लसीकरणाबाहेर आहेत. माणसात ब्रुसेला सापडला की त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला कळवायला हवे, कळपाचे रक्त तपासायला हवे, घरातल्या बाकीच्यांना ताप आहे का ते पाहायला हवे. माणसातला आणि शेळीतला जिवाणू एकच आहे का, की तो कालवडींच्या लसीतला एस-१९ आहे, हे १६एस कधीच सांगणार नाही. त्यासाठी दोन्हींचा पूर्ण जनुकसंच जुळवावा लागतो. रुग्णाच्या रक्तातल्या चार-दोन तुकड्यांतून तो हाती येत नाही, त्यासाठी जिवाणू वाढलेला असावा लागतो. म्हणजे पहिल्या अँटिबायोटिकच्या आधी भरलेल्या त्या दोन बाटल्या इथेही लागतातच.